गावं का उठली? बेचिराख गावांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीची कागदपत्रं काढताना, कुलदैवताला गेल्यावर किंवा उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरल्यावर लोकांना हे प्रश्न पडतात. मला ते इतक्या वेळा विचारले गेले, की एकदा सगळी उत्तरं नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. उदाहरणं बहुतेक देशावरची आहेत, कारण माझी पायपीट त्याच भागात झाली.

आमच्या सातबाऱ्यावर ज्या गावाचं नाव आहे तिथे एकही घर नाही. असं कसं?

ते बेचिराख गाव आहे. हा शब्द ऐकला की आपल्याला जाळपोळ आठवते, पण त्याचा राखेशी संबंध नाही. मूळ फारसी शब्द 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं ठिकाण. विदर्भात अशाच गावाच्या नावापुढे 'रीठ' लिहिलेलं दिसतं.

महसुलाच्या दृष्टीने गाव म्हणजे घरं नव्हेत, शिवार. चतु:सीमा ठरलेल्या जमिनीला मौजे म्हणतात आणि त्या मौज्यात माणूस राहो वा न राहो, नाव कागदावर चालू राहतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३ हजारांहून अधिक गावं नोंदली गेली आणि त्यांतल्या अडीच हजारांहून अधिक गावांत एकही माणूस राहत नव्हता. सगळीच उठून गेलेली नाहीत. काही जंगलाचे तुकडे आहेत, काही धरणाखाली आहेत. पण फार जुन्या काळी वसलेली आणि मग ओस पडलेली गावं त्यांत पुष्कळ आहेत.

इथे दोन शब्द लक्षात ठेवावे लागतात: पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. घरांच्या भिंतींची माती, चुलीतली राख आणि शेणसारवण पिढ्यान्‌पिढ्या साचून ती जमीन पांढरट होते आणि आजूबाजूच्या रानापेक्षा उंचही होते. काळी म्हणजे कसायची जमीन. गाव उठतं तेव्हा पांढरी मरते, काळी बहुधा मरत नाही. शेजारच्या गावचे शेतकरी येऊन ती कसतात. त्यांना जुन्या कागदांत पाहीकस्त म्हटलं आहे. तुमच्या सातबाऱ्यावरच्या गावात घर नसेल, पण ऊस किंवा ज्वारी नक्की असेल.

एका रात्रीत अख्खं गाव उठून गेलं, असं आमच्याकडे सांगतात. हे खरं असतं का?

क्वचित. राजस्थानातल्या जैसलमेरजवळच्या कुलधरा गावाची गोष्ट देशभर गाजली आहे. दिवाण सालमसिंगच्या जाचाला कंटाळून पालिवाल ब्राह्मण एका रात्रीत गाव सोडून गेले आणि जाताना शाप देऊन गेले, असं सांगतात. अभ्यासकांनी मात्र पाणी आटत जाणं, वाढते कर आणि भूकंप अशी कारणं मांडली आहेत. आपल्याकडेही बहुतेक ओसाड पांढरीला एखादा शाप चिकटलेला असतो. सतीचा असतो, गोसाव्याचा असतो, पाणी न मिळालेल्या वाटसरूचा असतो. या कथा खोट्या म्हणून झटकून टाकू नयेत. पाण्याचा शाप असेल तर त्या गावाला पाण्याचं दुखणं होतं का, हे आधी पाहावं.

प्रत्यक्षात गाव हळूहळू ओस पडायचं. आणि ते कसं पडायचं हे समजायला नांगर समजून घ्यावा लागतो. देशावरची काळी जमीन चिवट, खोल भेगांची. ती फोडायला जड लाकडी नांगर लागायचा आणि त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागायचे. एवढे बैल एका घरी नसत. म्हणून चार घरं मिळून वारंगुळा करायची: तुझे दोन, माझे दोन, आळीपाळीने सगळ्यांची रानं. आता चाळीस घरांच्या गावातली वीस घरं दुष्काळात निघून गेली असं धरा. मागे राहिलेल्या वीस घरांना पोटापुरतं मिळत असलं तरी नांगर जुंपायला बैल पुरत नाहीत. मग सुताराला बलुतं कोण देणार? तो दुसऱ्या गावी जातो. त्याच्यामागे लोहार जातो. फाळ शेवटायला, मोट दुरुस्त करायला दोन कोस चालावं लागतं. न्हावी, परीट, कुंभारही हलतात. गावकुसाची पडझड झाली की चोर-दरोडेखोरांचं भय वाढतं. शेवटची पाच-सात घरं एखाद्या सुगीनंतर शेजारच्या मोठ्या गावात जातात. त्या दिवशी काहीही विशेष घडलेलं नसतं, म्हणून त्याची तारीख कुठल्याही कागदात सापडत नाही.

म्हणजे मुख्य कारण दुष्काळच ना?

दुष्काळ हे सुरुवातीचं कारण. गाव कायमचं जायला त्याच्या जोडीला आणखी काहीतरी लागायचं.

परंपरेने सर्वांत भीषण मानला जातो तो दुर्गादेवीचा दुष्काळ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन तो बारा वर्षं चालला, असं सांगतात. १३९६ ते १४०७ अशी सालं दिली जातात. दख्खनचे मोठाले पट्टे त्यात निर्मनुष्य झाले. पुढे तीसेक वर्षं अनेक ठिकाणी वस्तीच परतली नाही, कारण डोंगरी किल्ले स्थानिक पुंडांच्या हाती गेले होते आणि खाली येऊन शेती करण्याची कुणाची हिंमत नव्हती. पाऊस कधीच परतला होता, निर्भयता परतली नव्हती.

दुसरा १६३० ते १६३२ चा. गुजरात आणि दख्खन दोन्ही होरपळले. सुरतेहून आग्र्याला निघालेला पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस खानदेशातून गेला आणि वाटेवर पडलेल्या प्रेतांचं वर्णन त्याने लिहून ठेवलं. तुकोबांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली ती याच सुमारास. देहूचं त्यांचं घर महाजनकी असलेलं, व्यापार करणारं होतं. अशा घराची ही गत, तर ज्याची सगळी पुंजी एक बैलजोडी होती त्याचं काय झालं असेल?

माणसं काही महिने कंदमुळांवर काढतात, परमुलखात जाऊन मजुरी करतात, पाऊस पडला की परततात. मेलेला बैल परतत नाही आणि खाल्लेलं बियाणं उगवत नाही. दुष्काळानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसाला शेतात औत धरायला काय उरलं आहे, यावर गावाचं भवितव्य ठरायचं.

ताजा दाखला १९७२ चा. पाऊस त्या वर्षीही दगा देऊन गेला होता. पण गावं उठली नाहीत, कारण गावाजवळ काम निघालं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. आमच्या घरातल्या बायका अजून खडी फोडल्याचं, सुकडी खाल्ल्याचं, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्याचं सांगतात. भाकरी तुटायची, चवही नसायची, पण चूल आपल्याच घरातली होती.

सर्वांत जुनं उठून गेलेलं गाव कोणतं म्हणता येईल?

'सर्वांत जुनं' असं छातीठोक सांगता येणार नाही. पण ज्याचा उत्तम अभ्यास झाला ते इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे अनेक हंगाम उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही त्यातली ठळक नावं.

इ. स. पूर्व १६०० च्या आसपास हे गाव वसलं आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास सुटलं. नऊशे वर्षं नांदतं गाव. भरभराटीच्या काळात तिथे चौकोनी, ऐसपैस घरं होती, पाण्याचा पाट आणि बंधारा होता, पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार होतं. ते गावच्या प्रमुखाचं असावं. मग इ. स. पूर्व १००० नंतर चित्र पालटतं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडं होत गेलं आणि शेतीवर भागेना, म्हणून लोक गुरं-मेंढरं घेऊन अर्धभटके झाले, असं ढवळीकरांचं मत. गोल झोपडी लवकर उभी राहते आणि सोडून जाताना जीवही फारसा तुटत नाही.

इनामगावला मेलेल्या माणसांना घरातच, जमिनीखाली पुरत. मुलांना दोन रांजण तोंडाशी तोंड लावून त्यांत ठेवत. मोठ्यांना पुरताना त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली सापडतात. मेलेल्याने घर सोडून कुठे जाऊ नये म्हणून हे करत असावेत, असा एक तर्क आहे. ज्यांना घर इतकं प्रिय होतं त्यांनाच शेवटी ते सोडावं लागलं, हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

लढायांमुळे किती गावं उजाड झाली?

आकडा कुणी मोजला नाही. पण सतराव्या शतकातला पुणे परगणा पाहिला तर कल्पना येते. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं जाळलं, वस्तीवर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार रोवून तिच्यावर तुटकी वहाण टांगली. इथे पुन्हा वस्ती होऊ देणार नाही, अशी ती जाहीर खूण होती. आधीच दुष्काळ, त्यात ही जाळपोळ. पुढे जिजाऊ आणि बाल शिवाजी पुण्यात आले आणि सोन्याच्या फाळाने जमीन नांगरली, असं परंपरा सांगते. सोन्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी त्या नांगराचा अर्थ लोकांना लगेच कळला असणार, कारण गाढवाचा नांगर त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. दादोजी कोंडदेवांनी त्या मुलखात लांडगे मारणाऱ्यांना इनाम दिलं, असं बखरीत येतं. माणूस हटला की रान किती लवकर गावात शिरतं, ते यावरून दिसतं.

नंतर १६८१ ते १७०७ ही औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेची वर्षं. एवढी प्रचंड छावणी जिथून जाई तिथली वैरण, धान्य आणि लाकूड संपून जाई. शत्रूला दाणा मिळू नये म्हणून मराठेही मुलूख उजाड करत. दोन्ही बाजूंनी मार शेतकऱ्यालाच.

तिसरा तडाखा १८०२ ते १८०४ मधला. पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्या झगड्यात फौजा फिरल्या, पाठोपाठ पेंढारी आले आणि त्यातच पाऊस गेला. खानदेश तर असा उद्ध्वस्त झाला, की १८१८ नंतर इंग्रज अधिकारी तिथे पोचले तेव्हा गावंच्या गावं झाडोऱ्यात बुडालेली होती आणि वाघांच्या भयाने रस्त्यांवरून जाणं कठीण झालं होतं. आज केळीच्या बागांनी हिरवागार दिसणारा तो मुलूख दोनशे वर्षांपूर्वी असा होता, हे सांगूनही खरं वाटत नाही.

या काळात मधलं लहान गाव आधी मरायचं. ज्या गावाला गढी होती तिथे आजूबाजूच्या वाड्यांवरचे लोक आसऱ्याला यायचे आणि तिथलेच व्हायचे. तुमच्या गावात एखाद्या आळीला दुसऱ्याच गावाचं नाव असेल तर त्यामागे बहुधा हीच कहाणी असते.

सारा जास्त झाला म्हणून लोक खरंच गाव सोडत? की तशी नुसती धमकी असे?

दोन्ही. कागदपत्रांत 'रयत परागंदा झाली' हे वाक्य पदोपदी भेटतं. त्या काळी जमीन भरपूर आणि कसणारे हात थोडे होते. त्यामुळे गाव उठून शेजारच्या सत्तेच्या हद्दीत गेलं की नुकसान राजाचं होई. ही शेतकऱ्याच्या हातातली फार मोठी ताकद होती. पाटील आणि देशमुख वाटाघाटीत तिचा उपयोग करत.

इंग्रजी अमलातही एकदा हेच घडलं. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची पाहणी करून सारा बसवला. तो पेलण्यासारखा नव्हता. शेतकरी निजामाच्या हद्दीत निघून गेले, शेतं पडीक पडली. अखेर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना नवी, हलकी आकारणी करावी लागली. तीच पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारीचा पाया झाली. ज्यांनी बिऱ्हाडं उचलून हे घडवलं त्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

पुढे लोकसंख्या वाढली, पडीक जमीन संपली. एक कूळ गेलं तर दारात दुसरी दहा उभी राहू लागली. माझ्या मते गाव सोडण्याच्या इतिहासातला खरा सांधा इथे आहे. आधी माणूस गेला की राज्यकर्त्याला त्याची गरज भासायची. नंतर ती भासेनाशी झाली.

गरज भासायची म्हणजे काय करत? परत कसं बोलावत?

कौल देत. कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द: या, जमीन कसा, अमुक वर्षं सारा घेणार नाही, मागची बाकी काढणार नाही. त्याला जोडून इस्तावा असे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग दरसाल थोडा थोडा चढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण. जमीन पुन्हा वळणावर यायला वेळ लागतो, हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

दुर्गादेवीच्या दुष्काळानंतर बहमनी दरबाराने १४२९ मध्ये दादू नरसो काळे आणि एक तुर्की अधिकारी यांना मुलूख वसवायला पाठवलं. जुन्या गावांच्या शिवा कुणालाच आठवत नव्हत्या. म्हणून त्यांनी दोन-दोन, तीन-तीन गावांची मिळून एकेक मोठी हद्द आखली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याच्या तोबऱ्याएवढं धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. मला हे माप फार आवडतं. मोजणीची साधनं, दप्तर, कारकून सगळं विस्कटलेलं असताना जे हाताशी होतं त्यानेच राज्य पुन्हा मोजायला लागलं.

शिवाजी महाराजांच्या कारभाराबद्दल बखरकार सभासदाने लिहिलं आहे, की नव्या येणाऱ्या रयतेला गुरं द्यावीत, बियाणं द्यावं, पोटाला दाणा आणि पैका द्यावा आणि ही रक्कम दोन-चार वर्षांत तिच्या ऐपतीप्रमाणे उगवून घ्यावी. बैल, बी आणि वेळ. वर नांगराचं जे सांगितलं ते या यादीशी ताडून पाहा.

मिरासदाराला, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेल्या शेतकऱ्याला, आणखी एक आधार होता. तो परागंदा झाला तरी त्याचा मिरासहक्क लगेच बुडत नसे. पिढीभराने त्याचा मुलगा परतला तरी गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या न्यायसभेपुढे, साक्षी-पुरावे देऊन वडिलांची जमीन मागू शके. बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्या उपऱ्याला असं काही नव्हतं.

गाव सोडणं सगळ्यांच्या वाट्याला सारखंच येत होतं का?

अजिबात नाही. ज्याच्याकडे वतन होतं तो शेवटपर्यंत टिकायला बघायचा, कारण गाव गेलं की पाटीलकी गेली. ज्याच्याकडे जमीन नव्हती तो आधी निघायचा, आणि परतल्यावर त्याला कौलातही थोडंच मिळायचं.

गावकुसाबाहेर ठेवलेल्यांची गोष्ट तर वेगळीच आहे. 'आपलं गाव सुटलं' म्हणून हळहळणाऱ्या लेखनात ती सहसा येत नाही. महारवाड्यातल्या माणसाला गाव म्हणजे वेठ, हक्काची म्हणून घालण्यात येणारी शिळी भाकर आणि पाणवठ्यावरचा अपमान होता. एकोणिसाव्या शतकात लष्कर, रेल्वे, गिरण्या आणि गोदी सुरू झाल्यावर जे तिकडे गेले ते सुटण्यासाठी गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावं वसवावीत, असा ठराव झाला होता. गाव सोडणं ही तिथे हक्काची मागणी होती. ओस पांढरीवर उभं राहून मला जे वाटतं ते मी लिहितो, पण त्याच गावच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला तसंच वाटलं असेल असं मी धरून चालत नाही.

प्लेगमुळे गावं उठली, असं आजी सांगायची.

बरोबर सांगायची. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग पसरला आणि मग पुढची अनेक वर्षं तो खेड्यापाड्यांत येत राहिला. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, हा लोकांनी स्वत:च शोधलेला नियम. सगळे माळावर, शेतात झोपड्या घालून राहत आणि साथ ओसरली की परतत. काही परतलेच नाहीत. रानात विहीर होती, गुरांना मोकळीक होती, भावकीची कटकट नव्हती. शेतातल्या पुष्कळ वस्त्यांची सुरुवात अशी झाली. १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ मात्र इतक्या वेगाने आली, की गाव सोडून जायलाही सवड मिळाली नाही.

धरणात गेलेली गावं यातच धरायची का?

धरायला हवीत, पण फरक ओळखून. इथे पाऊस पडला तरी परतण्याची सोय नसते.

मुळशीचा सत्याग्रह १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा-निळा खोऱ्यातली पन्नासच्या वर गावं जाणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळे शेतकरी तीन वर्षं लढले. धरण झालंच. धरणग्रस्तांचा जगातला हा एक पहिला संघटित लढा मानला जातो आणि तो आपल्या खोऱ्यात, पेरणीच्या जमिनीवर आडवं पडून लढला गेला. शाळेच्या पुस्तकात त्याला याहून अधिक जागा मिळायला हवी.

मग कोयना. शंभराच्या आसपास गावं शिवसागराखाली आली. लोकांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा लांबलांबच्या भागांत पाठवलं. नाचणी-वरी पिकवणारा डोंगरातला माणूस एकदम सपाट, कोरड्या रानात. वीज सगळ्या राज्याला मिळाली, पण पुनर्वसनाच्या कागदांसाठी नातवंडंही खेटे घालताना दिसतात. बहमनी दरबाराने बिघ्याला तोबराभर धान्य मागण्याआधी एक वर्ष माफ केलं होतं, हे वाचून झाल्यावर ही तुलना मनातून जात नाही.

उजनीचं पाणी खाली गेलं की इंदापूर तालुक्यात जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि लोक बघायला गर्दी करतात. गोव्यात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. तेही दर मे महिन्यात वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं आडनाव या गावावरून आलेलं. कुर्डीतलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगडन्‌ दगड उतरवून दुसरीकडे उभारलं. पण बाकीचं गाव पाण्यातच राहिलं आणि विखुरलेले कुर्डीकर दर उन्हाळ्यात तिथे जमतात. आपल्या घराचा नुसता चौथरा बघायला, पूजा करायला, एकत्र जेवायला. पावसाळा लागला की पाणी चढतं.

किल्लारीची गावंही दुसरीकडे वसवली ना?

हो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरून मातीचं माळवद, ऊन-थंडीला उत्तम असलेलं हे घर त्या पहाटे अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी हलवली. नवी घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले. पण जुनी गल्ली, पारावरची बैठक, एकाच वाड्यात चार भावांची चार दारं, हे आराखड्यात मावलं नाही. जुन्या जागी गेलात तर उंबऱ्याचे दगड ओळखू येतात.

आज गावं ओस पडत आहेत का?

कोकणाकडे बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत कमी झाली. रत्नागिरी १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. घर आहे, अंगण आहे, कुलूपही आहे. गणपतीला आठ-दहा दिवस दार उघडतं, कारण चाकरमानी गाव सोडत नाही, नुसता तिथे राहत नाही. अशा गावाला बेचिराख म्हणता येत नाही. तिथे वर्षातून एकदा का होईना, दिवा लागतो.

बीडकडच्या ऊसतोडीच्या गावांचं उलटं आहे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघाली की गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं उरतात. उन्हाळ्यात गाव पुन्हा भरतं. पाच-सहा महिने रिकामं राहणारं गाव कुठल्याच नोंदीत रिकामं दिसत नाही.

गाव गेलं, मग मारुती तिथेच का?

ग्रामदेवता सहसा हलवत नाहीत. माझ्या आजोळी 'जुनी पांढरी' नावाचं एक रान आहे. ज्वारीच्या मधोमध शेंदराने थापून गेलेला मारुती, शेजारी अर्धा जमिनीत गेलेला वीरगळ आणि एक पिंपळ. आजी तिथून जाताना चपला हातात घ्यायची. आम्ही विचारायचो, इथे देऊळ तर नाही. ती म्हणायची, 'कुणाच्या तरी ओट्यावरून चाललोय आपण.' पहिला पाऊस झाला की तिथे खापराचे तुकडे, काचेच्या बांगड्यांच्या कांड्या वर येतात. एकदा मला जात्याची तळी सापडली, बरोबर मधून दुभंगलेली, कडेला झिजून गुळगुळीत झालेली. हनुमान जयंतीला आजचं गाव वाजतगाजत दीड कोस चालत तिथे नारळ फोडायला जातं. कुणाला विचारलं तर एवढंच सांगतात, की आपण मूळचे इथले.

आमच्या जुन्या गावाचा शोध कसा घ्यायचा?

आधी आडनाव आणि कुलदैवत तपासा. गावावरून पडलेलं आडनाव आहे आणि त्या गावात आज कुणीच राहत नाही, असं पुष्कळ घराण्यांचं असतं. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा पाहा. त्यावर जुनं गावठाण, पाणंद, ओढे दाखवलेले असतात. तीन-चार गाडीवाटा रानात एकाच बिंदूला येऊन मिळत असतील, तर तिथे वस्ती होती असं खुशाल समजा.

जागेवर गेल्यावर खणू नका. गुप्तधनाच्या आशेने पांढऱ्या उकरणारे जागोजागी आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडलेलं धन परस्पर ठेवून घेणं हा गुन्हा आहे, पण त्याहून वाईट हे, की मातीचे थर एकदा विस्कटले की पुन्हा वाचता येत नाहीत. पांढरीची माती खत म्हणून ट्रॉल्यांनी उचलून नेतात, त्यानेही तेच होतं. शेतकऱ्याला दोष देऊ नका, त्याला जमिनीत कस हवा असतो. उचलण्यापूर्वी फोटो काढू द्या, एवढी विनंती केली तर बहुतेक जण मानतात.

सर्वांत घाईचं काम मात्र वेगळं आहे. तिथे शेती करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन बांधाबांधाने चाला आणि कोणत्या रानाला काय म्हणतात ते विचारा. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो. तो माणूस म्हणेल: हा वेशीचा तुकडा, ही चावडी, तो कुंभारवाडा, हे तेल्याचं. त्याला कदाचित हेही माहीत नसेल, की तो उभ्या उसातून तुम्हाला अख्खं गाव फिरवून आणतो आहे. ती नावं त्याच क्रमाने, दिशेसकट लिहून घ्या.